गोल करवत चालविताना घ्यावयाची काळजी



गाळप हंगाम संपतो, खोडव्याची पहिली कामे उरकतात आणि मृगाच्या आधी आखाड्यावर लाकूडकामाची घाई सुरू होते. कुणाला शेडची चौकट बसवायची असते, कुणाला शेळ्यांसाठी गव्हाण, कुणाला गाडीची साटी दुरुस्त करायची असते. पूर्वी हे सारे काम बलुत्यातला सुतार हातकरवतीने करी. एका फळीला अर्धा दिवस जाई, पण हात सहसा जात नसे. आता लोखंडी टेबल, खाली मोटार आणि टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते, असे यंत्र गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सुद्धा तयार करून मिळते. अर्ध्या दिवसाचे काम पाच मिनिटांत होते.

माझा विषय ऊस. बेणे, लागण, खत, पाणी यांवर मी या पानांतून लिहितो. परंतु गोरेगाव व शेजारच्या गावांतून ऊस नोंदीसाठी फिरताना अशी यंत्रे शेडमध्ये दिसतात, आणि पुष्कळ ठिकाणी पात्यावर टोपण नसते. टोपणाचे विचारले तर "ते आडवं येतं, काढून ठेवलं" असे उत्तर मिळते. ऊस एका वर्षी बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. बोटाची फुटवणी होत नाही. म्हणून या वेळी उसाऐवजी करवतीचा धडा.

१. हे यंत्र धोक्याचे का?

आधी थोडा हिशेब करू. १० इंची पाते मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर त्याच्या दात्यांचा वेग तासाला सुमारे १३८ किलोमीटर होतो. पात्याला २४ दाते असतील तर एका सेकंदात ११५२ दाते एकाच जागेवरून जातात. चटका बसल्यावर आपण हात मागे घेतो, तेवढ्या अवधीत शेकडो दाते बोटातून गेलेले असतात. तेव्हा "माझा हात चपळ आहे" या भरवशावर कोणी राहू नये.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. आपल्या बाजूचे दाते वरून खाली उतरतात आणि फळीला टेबलावर दाबून धरतात. पात्याच्या मागच्या बाजूचे दाते मात्र खालून वर चढतात. चिरलेली फळी तिथे वाकडी होऊन पात्याला घासली, किंवा चीर मिटून पाते आवळले गेले, तर ते वर चढणारे दाते फळी उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. याला आपण उलटा फटका म्हणू. फळी पोटात किंवा छातीत बसते ते एक, पण त्याहून वाईट असे की फळी हातातून निसटते आणि तिच्यावर जोर देणारा हात तसाच पात्यावर जातो. म्हणजे बोट तुटण्याचे मूळ पुष्कळदा या उलट्या फटक्यात असते. बैलाच्या मागे उभे राहू नये हे आपण पोराला शिकवतो. तेच या पात्यालाही लागू आहे : त्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये.

अमेरिकेत अशा टेबल-करवतीच्या पात्याने जखमी होऊन दरवर्षी सुमारे ३० हजार माणसे दवाखान्यात येतात, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे. तिथे यंत्रे कंपनीतून टोपणासह येतात, तरी ही गत. आपल्याकडे टोपणच नसेल तर काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

२. यंत्राची मांडणी

हातकरवतीने लांब ओंडका चिरताना जुना सुतार चिरेत लाकडी पाचर ठोकीत असे, कशासाठी? चीर मिटून करवत अडकू नये म्हणून. गोल करवतीला हीच पाचर कायमची लावायची असते. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, घट्ट बसविलेली पोलादी पट्टी. तिला आपण पाचरपट्टी म्हणू. ती पात्याच्या मूळ पत्र्यापेक्षा थोडी जाड व चिरेच्या रुंदीपेक्षा थोडी पातळ असावी. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळा भाग होता. त्यात या पट्टीचे माप दिलेले होते : टेबलाच्या पातळीवर पट्टी व दाते यांच्यातील अंतर १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि ६० सेंटिमीटरपेक्षा लहान पात्याला पट्टीची उंची पात्याच्या माथ्यापासून २५ मिलिमीटरच्या आत यावी. आखाड्यावर कोणी तपासनीस येत नाही हे खरे. परंतु हे माप कागदासाठी केलेले नाही, हातासाठी केलेले आहे. वेल्डिंगवाल्याला हेच माप सांगून पट्टी करून घ्यावी.

टोपण : पात्याच्या माथ्यावर मजबूत झाकण हवे व ते फळीच्या जाडीप्रमाणे वरखाली करता यावे. टेबलाखालच्या पात्यालाही दोन्ही बाजूंनी पत्रा लावावा, कारण भुसा काढायला खाली हात घालण्याची सवय पुष्कळांना असते. आपल्या कारखान्यात गव्हाणीतून गेलेला ऊस फिरत्या चाकूंनी तुटतो. त्या चाकूंवरचे झाकण उघडे ठेवून कोणी गाळप सुरू करीत नाही. घरच्या यंत्राला वेगळा न्याय का?

गाईड : फळी ज्या पट्टीला टेकवून पुढे सरकवतो ती गाईड पात्याला समांतर असली पाहिजे. पात्याच्या पुढच्या दात्यापासून व मागच्या दात्यापासून गाईडपर्यंतचे अंतर मोजून पाहावे. मागे केसभर जास्त असले तर चालेल, पण कमी असता कामा नये. मागे कमी असेल तर फळी पात्यावर आवळली जाते आणि उलटा फटका ठरलेला.

पुली व फेरे : मोटारीची पुली मोठी व पात्याची लहान केली की पाते जोरात फिरते, हे पिठाच्या गिरणीवरून सर्वांना माहीत आहे. १४४० फेऱ्यांच्या मोटारीला ६ इंची पुली व पात्याच्या दांड्याला ३ इंची पुली लावली तर पात्याला २८८० फेरे मिळतात. "आणखी जोर येईल" म्हणून कोणी ८ इंची व २ इंची पुली जोडली तर तेच फेरे ५७६० होतात. चांगल्या पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा छापलेला असतो. तो वाचावा, हिशेब करावा, मगच पुली बसवावी. आकडाच नसलेले पाते घेऊ नये. तडा गेलेले, दाता उडालेले पाते डाग देऊन पुन्हा वापरू नये. पट्ट्यावर व पुलीवरही जाळी हवी.

३. विजेची बाजू

आपल्या भागात हा धोका मोठा आहे आणि बाहेरच्या पुस्तकांत तो सहसा लिहिलेला नसतो. फळी अर्धी चिरली आणि लाईन गेली. पाते थांबले. माणूस फळी सोडवतो, दात्यांत अडकलेली ढलपी बोटाने काढतो, किंवा बटण तसेच चालू ठेवून चहाला जातो. तेवढ्यात लाईन येते. पाते कुणालाही न विचारता फिरू लागते. शेडमध्ये तेव्हा लेकरू असेल तर?

बोर्डावरच्या साध्या बटणावर हे यंत्र चालवणे म्हणून चुकीचे आहे. पंपाला असतो तसा नो-व्होल्ट कॉईलचा स्टार्टर बसवावा. लाईन गेली की तो आपोआप सुटतो आणि लाईन आल्यावर हाताने हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. आता सावध राहण्याची गोष्ट अशी, की रात्रीच्या लाईनवर पाणी आपोआप सुरू व्हावे म्हणून आपण पंपाला ऑटो स्विच जोडतो. पंपाचा जुना स्टार्टर काढून करवतीला लावला तर त्याच्यासोबत ऑटोही येतो. तो आधी काढून टाकावा. स्टार्टरचे बटण काडी खोचून किंवा दोरीने बांधून ठेवण्याची रीतही इथे अजिबात चालणार नाही.

लाल बटण उभ्या जागेवरून, फळी न सोडता, मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा ठिकाणी असावे. अर्थिंग चांगले हवे. टेबल लोखंडाचे आहे आणि पावसाळ्यात शेडची जमीन ओली असते.

थ्री फेज मोटारीचे दोन फेज अदलाबदल झाले तर पंप उलटा फिरतो व पाणी कमी पडते. करवत उलटी फिरली तर आपल्या बाजूचे दाते वर चढू लागतात, फळी उचलली जाते आणि पाते आवळणारी चाकी सैल होण्याचा धोका असतो. म्हणून डीपीवर किंवा जोडणीत काही काम झाले असेल, तर पहिल्यांदा बाजूला उभे राहून क्षणभर चालू-बंद करून दिशा पाहावी. आपल्याकडचे दाते खालीच उतरले पाहिजेत.

लाईन जाताच काय करायचे, तो क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा : लाल बटण दाबा, पाते पूर्ण थांबू द्या, मेन स्विच पाडा, मग फळी मागे ओढा.

४. लाकूड आधी पाहा

बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला वर्षानुवर्षे काटेरी तार बांधलेली असते. झाड वाढते आणि तार, खिळे पोटात घेते. वाड्याच्या जुन्या खणातले लाकूड व गाडीचे जुने सामान यांतही खिळे असतात. फिरत्या दात्याला खिळा लागला तर दाता उडून गोळीसारखा येतो. लाकूड सगळीकडून पाहावे, चुंबक फिरवावे, संशय आला तर तेवढा तुकडा तोडून टाकावा.

ओले लाकूड व पिळाचे लाकूड चिरताना चीर मिटते. बाभळीत हा प्रकार फार. तोडलेले लाकूड सावलीत, खाली आडवे तुकडे देऊन, हवा खेळेल असे रचून वाळवावे. वाकलेल्या फळीची एक बाजू आधी रंध्याने सरळ करून घ्यावी आणि तीच गाईडला लावावी. जी बाजू टेबलावर डुगडुगते ती खाली ठेवू नये.

गोल ओंडका किंवा फांदी या टेबलावर कधीही चिरू नये. गोल वस्तूला टेबलावर बैठक नसते. दाता लागताच ती गरकन फिरते आणि हाताला सोबत नेते. ओंडके आरागिरणीवर न्यावेत. त्यांच्याकडे परवाना असतो व त्यांचे यंत्रही त्यासाठीच असते.

५. उभी चीर

उभी चीर म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेने फळी लांबीत चिरणे. १० इंची पात्याला यासाठी २४ ते ३० दाते बरे. क्रम असा ठेवावा :

(अ) मेन स्विच पाडून पात्याची उंची ठरवा. दाते फळीच्या वर ३ ते ६ मिलिमीटर दिसावेत. हातभर पाते वर काढून पाऊण इंची फळी चिरण्यात कसलाच फायदा नाही.

(आ) गाईड लावा, घट्ट करा, मोजून पाहा. टोपण व पाचरपट्टी जागेवर आहे ना, बघा. टेबलावरची पक्कड, टेप, तुकडे उचला.

(इ) ढकलकाठी हाताशी ठेवा. ती घरीच करता येते : हातभर लांब, जाड फळीची पट्टी, एका टोकाला फळीची कड धरील अशी खाच. तिला दमडी लागत नाही. पात्यापासून वीतभर अंतराच्या आत बोट न्यायचे नाही, तिथून पुढे फक्त काठी. काठी कापली गेली तर दुसरी करता येते.

(ई) पात्याच्या रेषेपासून बाजूला उभे राहा. गाईड उजवीकडे असेल तर डावीकडे. पाय फाकवून, तोल सांभाळून. टेबलावर रेलू नका. पायाखाली भुसा नको, तो घसरवतो.

(उ) पाते पूर्ण वेग घेईपर्यंत थांबा. मग फळी गाईडला व टेबलाला दाबून एकसारखी पुढे न्या. जोर गाईड व पाते यांच्या मधल्या भागावर द्या. अर्ध्यात थांबू नका, चालू पात्यातून फळी मागे ओढू नका. शेवटी फळी पाचरपट्टीच्या पलीकडे जाईपर्यंत ढकला.

(ऊ) लांब फळी असेल तर पलीकडे त्याच उंचीचा घोडा ठेवा. गडी उभा केला तर त्याने फळी फक्त तोलून धरायची, ओढायची नाही. त्याने ओढली की आपला हात पात्याकडे खेचला जातो. कधी थांबायचे हे चालवणाऱ्यानेच सांगायचे, हे आधी ठरवा.

आवाज बदलला, धूर आला, लाकूड काळे पडू लागले तर पाते बोथट झाले आहे किंवा गाईड वाकडी आहे. जोर वाढवू नका, यंत्र बंद करा.

६. आडवा काप

आडवा काप म्हणजे तंतू तोडून फळीची लांबी कमी करणे. त्याला ६० किंवा अधिक दात्यांचे पाते लावले तर कड फाटत नाही. इथे गाईडचा आधार घ्यायचा नाही. टेबलाच्या खाचेतून सरकणारा काटकोन असतो, त्याला फळी घट्ट धरून काटकोनासकट पुढे न्यायची. काटकोन आणि गाईड दोन्ही एकाच वेळी वापरले तर कापलेला तुकडा गाईड व पाते यांच्यामध्ये अडकतो, तिरपा होतो आणि उडतो.

एकाच मापाचे पुष्कळ तुकडे हवे असतील तर गाईडला पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा आवळावा. माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्यावे. फळी पात्यापर्यंत पोहोचेल तेव्हा ती ठोकळ्यापासून सुटलेली असते, त्यामुळे तुकडा मोकळा राहतो.

नुसत्या हाताने, ना गाईड ना काटकोन, पेन्सिलीच्या रेघेवर नजर ठेवून कापणे म्हणजे दावे न बांधता खोंडाला औताला जुंपणे होय.

पडलेला तुकडा पाते फिरत असताना उचलू नये. बटण बंद केल्यावरही पाते बराच वेळ फिरत राहते. बाजूने लाकूड दाबून ते थांबवू नये.

७. अंगावरचे कपडे आणि धूळ

धोतराचा सोगा, गमजा, उपरणे, लांब बाह्या, पदर, ओढणी हे सर्व आवरून खोचून मगच यंत्राजवळ यावे. गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. हातमोजे घालू नयेत. त्यांचा एक धागा दात्याला लागला तरी सबंध हात आत ओढला जातो. डोळ्यांना चष्मा हवा, कानाला कापसाचा बोळा चालत नाही, कानझाकणी मिळते ती घ्यावी.

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. नाका-तोंडावर चांगला मास्क बांधावा, शेड उघडी ठेवावी. शेडमध्ये विडी पेटवू नये, हे पाचटाजवळ जितके खरे तितकेच भुशाजवळ.

दारू पिऊन, रात्रपाळीचे पाणी देऊन डोळ्यांवर झोप असताना, किंवा भांडून आल्यावर या यंत्राला हात लावू नये.

८. अपघात झालाच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात छातीच्या वर उचलून ठेवावा. हळद, चुना, तंबाखू, माती काहीही भरू नये. डॉक्टरला ते सर्व काढावे लागते आणि जखम चिघळते. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे.

बोट तुटून पडले असेल तर ते शोधून सोबत न्यावे. स्वच्छ पाण्याने हलके धुऊन, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे. ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये, ते गोठून निकामी होते. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी फोन करून, बोट जोडण्याची सोय कुठे आहे हे विचारून घ्यावे, म्हणजे फेरा वाचतो. जितका उशीर तितकी आशा कमी. धनुर्वाताचे इंजेक्शन लहान जखमेलाही घ्यावे.

९. सभासदांच्या नेहमीच्या शंका

"टोपण लावलं तर रेघ दिसत नाही." रेघ पाहून चिरायचे नसतेच. माप गाईडवर घ्यायचे असते. गाईड बरोबर लावली की रेघेची गरज उरत नाही.

"इतकी वर्षं बिगर टोपणाची चालवतो, काही झालं नाही." मळणीयंत्राबद्दलही लोक असेच म्हणत. शेतकऱ्यांचे हात जाऊ लागले तेव्हा संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला व त्यात मळणीयंत्र घ्यावे लागले. काही झाले नाही, हा पुरावा नसतो.

"पोरगं बारावी झालंय, त्याला चालवू द्यावं का?" आधी बंद यंत्रावर सगळा क्रम म्हणून दाखवू द्या. मग सरळ, वाळलेल्या, रुंद फळीवर, तुम्ही लाल बटणाजवळ उभे राहून. अरुंद पट्ट्या चिरायचे काम नवशिक्याला देऊ नये. काम संपले की मेन स्विचला कुलूप, किल्ली घरात.

शेडच्या भिंतीवर चुन्याने एवढे लिहून ठेवावे : टोपण आहे का? पाचरपट्टी आहे का? ढकलकाठी हाताशी आहे का? मी पात्याच्या रेषेबाहेर आहे का? लाईन गेली तर लाल बटण. पाचही गोष्टींना होय म्हणता आले तरच हिरवे बटण दाबावे.

ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी या पावसाळ्याच्या आत पाचरपट्टी, टोपण व स्टार्टर ही तीन कामे करून घ्यावीत, ही विनंती. पुढील अंकी आडसाली लागणीच्या बेण्याविषयी.

— ऊस विकास अधिकारी